तात्यांच्या डब्यातली बाई

रोज संध्याकाळी तात्या बाजेखालचा पत्र्याचा डबा ओढत, झाकण उघडत आणि आत नाक घालून हुंगत. डब्यात एका मूकपटाचं रीळ होतं. त्याला आंबूस, घशाला लागणारा वास यायचा. ती जुनी फिल्म कुजत चालली होती आणि अशी फिल्म उन्हाळ्यात आपोआप पेट घेते, हे मी शेजारी म्हणून शंभरदा बजावलं होतं. "मास्तर, तुमी लई भित्रं," एवढंच उत्तर मिळे.

फिल्मची पट्टी उन्हात धरून ते मला दाखवत. मालकाचं ओझं वाहणारी गुलाम बाई, समोर चाबूक. "हितं बगा. हितं ती वझं खाली ठिवती." पुढे ती त्या ओझ्यावरच बसलेली. बाकीचा सिनेमा कुठेच उरलेला नाही.

तात्यांचे आजोबा वेठीला धरलेले. अंमलदारांच्या पेट्या डोक्यावर घेऊन घाट चढायचे. किकवी गावात फिरत्या सिनेमाचा तंबू लागला, त्यात त्यांनी हा सिनेमा पाहिला आणि दुसऱ्याच खेपेला भर घाटात पेटी खाली ठेवून तिच्यावर बसले. मार असा पडला की जन्मभर लंगडले. तंबूवाल्याने टाकून दिलेलं हे तुटकं रीळ त्यांनी घरी आणलं. तेव्हापासून त्या घरात कुणी हुकमाचं ओझं उचललं नाही. लग्नघरातसुद्धा तात्यांना "तेवढं पातेलं आणा" म्हणायची सोय नव्हती!

जुने सिनेमे जपणाऱ्या एका बाईंचा पुण्याहून फोन आला. "डबा आणून द्या," म्हणाल्या. तात्यांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. "त्यास्नी म्हनावं, या आन् न्या. सांगितल्यालं वझं म्या न्हेनार न्हाई."

"मी नेतो ना!"

"तुमालाबी सांगितल्यालंच की ते."

बाई येते म्हणाल्या, आल्या नाहीत. वैशाख तापला. वास इतका वाढला की तात्यांची म्हैस दावणीला ठरेना. त्या घराकडे बघायचीसुद्धा मला धास्ती वाटू लागली.

एका दुपारी त्यांच्या पत्र्याखालून पिवळा धूर निघाला. शेजारीच कडब्याची गंज, तिला लागून माझं घर. मी ओरडलो, "तात्या, राहू द्या ते, बाहेर या!" ते आले, पण धुमसता डबा ओल्या गोणपाटात छातीशी धरून. तसेच नांगरलेल्या रानात लांब गेले. खाली ठेवता ठेवता डबा भडकला.

दवाखान्यात त्यांचे बांधलेले हात बघून मला रडू आवरेना. "कशाला उचललंत हो?"

"कुनी सांगितलं व्हतं?" ते हळू म्हणाले. "माजं म्या उचाललं."

तिसऱ्या दिवशी ते गेले. तिरडीला खांदा द्या, असं कुणाला सांगावं लागलं नाही.