जागेश्वरनं पुसलेली नावं

लाखनीच्या खाजगी डेअरीत संगणक सांभाळणाऱ्या दामिनीला पाठीमागे सगळे ‘दूधफाडी’ म्हणत. नावं ठेवण्यात लाखनीकरांचा हात कोण धरील! पण या नावाला कारण होतं.

डेअरीच्या संगणकात दोन तक्ते. एकात दूध घालणाऱ्यांची नावं नि क्रमांक, दुसऱ्यात रोजच्या दुधाच्या लाखो नोंदी. दामिनीला नियम लावायचा होता, की प्रत्येक नोंदीला पहिल्या तक्त्यातला मालक असलाच पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात तिनं तो एका दमात लावला. संगणक जुन्या नोंदी तपासत बसला, तोवर नवी घेईना. गावोगावच्या दूध केंद्रांवर रांगा खोळंबल्या नि दूध नासलं. व्यवस्थापक गोपाळरावांनी बजावलं, पुन्हा दूध अडलं तर घरीच बसायचं.

यंदा तिनं नियम आधी फक्त नव्या नोंदींना लावला आणि जुन्यांची तपासणी दूध चालू असतानाच वेगळी सुरू केली. रांग अडली नाही, तपासणी अडली. कारधा गावच्या केंद्रावरच्या कित्येक जुन्या नोंदींना मालकच नव्हता. गोपाळराव म्हणाले, पुसून टाका नि मोकळ्या व्हा. पोरगी हट्टी, थेट कारध्याला गेली.

केंद्रावरच्या जागेश्वरला गावातल्या प्रत्येक सोयरिकीची खबर. स्वतःवर आलं की मात्र खोकला येतो. तो बराच खोकला.

"मॅडम, मशीन माप घेते अन् मालकाचं नाव मोठ्यानं बोलते. कृष्णराव वारले, तरी त्यायच्या बायकोच्या, लीलाबाईच्या दुधाले त्यायचंच नाव. आयकलं का बाई खाली मान घाले. मले पाहवलं नाही. म्हणून मेलेल्यायची नावं पुसली, घरच्यायची नव्या क्रमांकानं टाकली."

म्हणजे माणूस गेला, नाव गेलं, त्याचं दूध तेवढं मागे राहिलं. दामिनी रागावली नाही. तिनं पुसलेली नावं जुन्या क्रमांकांसह परत टाकली नि पुढं ‘बंद’ अशी खूण केली, म्हणजे मशीन ती बोलणार नाही.

रांगेतल्या लीलाबाईनं हे ऐकलं.

"बंद कायले करतेस, बाई? मालकाचं नाव मी काही तोंडानं घेत नाही. मशीन ते घेई, म्हणून आयकाले भेटे. लाज वाटे, म्हणून मान खाली. या जाग्याले वाटलं मी रडून राहिली."

जागेश्वरला पुन्हा खोकला आला.

दामिनीनं लीलाबाईच्या खात्यावर पूर्ण नाव टाकलं, आणि तपासणी परत लावली. रांग हलत होती तशी हलत राहिली. कॅन रिकामे होईस्तोवर तपासणी बिनबोभाट संपली, गोपाळरावांना पत्ताही नाही.

मशीन म्हणालं, "लीलाबाई कृष्णराव."

लीलाबाईनं मान खाली घातली, आणि हळूच विचारलं, माप चुकलं असेल तर मशीन पुन्हा बोलते काय.