गायीच्या वाटची पोळी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. ऐकायला तर अगदीच क्षुल्लक — डब्यातली भाजी. तुम्ही हसाल. मीही बरीच वर्षं हसतच होतो, मनातल्या मनात. पण कालपासून एका जागी बसवत नाही, म्हणून सांगतो.

मी जबलपूरला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. घर मदन महलला. माझी साखर पहिल्यांदा काठावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पालेभाज्या वाढवा, आख्खं फळ खा, रस नको. धोका कमी होतो. सगळा जातो असं काही ते म्हणाले नव्हते. माझ्या बायकोने, वंदनाने, ते फारच मनावर घेतलं. सकाळी उठून पालक निवड, मेथी निवड, दोडका चीर. डब्यात काकडी, पेरू. आणि मी?

मला पाला आवडत नाही. एवढंच. दुसरं काही कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

ऑफिसच्या फाटकाबाहेर एक गाय उभी असायची. दुपारी भाजीचा डबा तिच्यापुढे रिकामा करायचो, आणि संध्याकाळी सदर बाजारात उतरून खव्याची जिलबी — तीच आपली, काळपट, पाकात बुडालेली. एकदा शेजारच्या दीदींनी मला गायीपाशी पाहिलं. वाटलं, झालं, संपलं. पण त्या वंदनाला येऊन म्हणाल्या, "भाईसाहब गाय को खिलाते हैं, बड़ा पुण्य का काम है." वंदनाचा चेहरा असा खुलला! मला म्हणाली, "आपल्या घासातलं काहून देता? तिच्यासाठी वेगळी पोळी देत जाईन ना मी." दुसऱ्या दिवसापासून डब्यात गायीची पोळी, वर गुळाचा खडा. ती कुणी खाल्ली — सांगायला हवं का? गाय माझा पालक खायची आणि मी गायीचा गूळ.

साखर वाढायची ती वाढलीच. गोळ्या सुरू झाल्या. वंदना आधी स्वतःलाच बोल लावत राहिली — माझ्या हातून तेल जास्त पडलं का, भाजी जास्त शिजवली का? मी ऐकत राहिलो. मग ती वैतागली. "इतका पाला खाऊन तुमचं काय भलं झालं? मी काहून खाऊ?" आणि तिने आपल्या ताटातली भाजी बंद केली. वरण-भात, लोणचं. फळं माझ्यासाठी. तिच्या आईला मधुमेह होता, मामाला होता — हे मला ठाऊक नव्हतं का? तरी गप्प बसलो. ती भांडेल म्हणून? नाही. गायीला घास घालणारा भला माणूस — ते मला आवडायला लागलं होतं.

काल तिचा रिपोर्ट आला. मधुमेह. माझ्यामुळेच, असं कुणी म्हणणार नाही. घराण्यातच आहे, डॉक्टरही तेच म्हणाले. आणि तिलाही त्यांनी सांगितलं, पालेभाज्या वाढवा. येताना ऑटोत तिने विचारलं, "खरं सांगा जी, तुम्हाला त्यानं काही फरक पडला होता? पडला असेल तर मी खाईन."

एक वाक्य बोलायचं होतं — एकच. मी म्हणालो, "ज्याचं त्याचं शरीर वेगळं असतं." तिने मान हलवली आणि बाहेर बघू लागली. मला माझीच किळस आली.

आज दुपारी डबा उघडला. मेथी, काकडी, गायीची पोळी. मेथी मी खाल्ली, सगळी. पोळी आणि गूळ गायीला दिला. सदरला न उतरता सरळ घरी आलो. जेवायला बसलो तेव्हा वंदनाच्या ताटात वरण-भात होता, लोणचं होतं.

"गायीला घातली ना पोळी?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं. तिचं समाधान झालं, आणि ती भात कालवू लागली.