दादाच्या पेपराखालची ओळ

माणूस असतो तोवर त्याचे किस्से कुणी जपून ठेवत नाही. माझा मोठा भाऊ, दादा, डेंग्यूने गेला आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक किस्सा ठेवून जायला लागला. रडायला आलेले हसतात, मग हसल्याचं वाईट वाटून परत रडतात. सगळे किस्से एकाच खोडीचे. दादा पीएचडी करत होता. लिहिताना एआय वापरायचा आणि जिथे वापरला तिथे खाली तसं लिहायचा. कॉलेजात लिहायचा ते ठीक. हा सगळीकडे लिहायचा!

*

नामपूरला मामांच्या मुलीचं लग्न. मंगलाष्टकं दादाने रचलेली. गाऊन झाली, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि हा माइक सोडेना.

"एक सांगायचं राहिलं. तिसरं कडवं एआयने लिहिलंय. मामांच्या नावाचं यमक तेवढं माझं."

मामा ओरडले, "काय करी राहिना रे भाऊ! मुहूर्त जाई राहिना!"

नवरीला हसू आवरेना, मग अंतरपाट धरलेल्यांनाही. अक्षता कुठच्या कुठे पडल्या.

*

मी नववीनंतर शाळा सोडली. आमच्या मळ्यातला झेंडू पंचवटीत बसून विकतो. दसऱ्याला दादाने मला बोर्ड करून आणला. वर झकास मजकूर, आणि खाली बारीक अक्षरात: "मजकुरासाठी एआयची मदत घेतली आहे. फुलं खरी आहेत."

एका मावशींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि झेंडू नखाने खरवडून बघितला. "खरी म्हणजे? आधी खोटी विकायचास का रे?"

मी तिथूनच फोन लावला. "दादा, माझा धंदा बुडवतो का?"

"अरे, खालपर्यंत वाचलं ना त्यांनी!" तो एवढा खूश!

*

दादाचा संशोधनाचा पहिलाच पेपर छापून यायचा होता. नाशिकच्या फुलं विकणाऱ्या बायकांवर. त्यावर त्याच्या पीएचडीच्या सरांचंही नाव. पेपराच्या शेवटी कुठली साधनं वापरली ते दादाने लिहिलं: "इंग्रजी सुधारायला एआय. मळ्यांवर जायला धाकटा भाऊ."

सर म्हणाले, "अरे, भाऊ साधन असतो का?"

"पेट्रोल लागतं, मध्येच बंद पडतो, आवाज फार करतो. पण सर, पोहोचवतो."

सरांनी मला खोडलं. एआयची ओळ ठेवली, पण मनापासून नाही. "लोकांना वाटेल, पोराने स्वतः काही केलंच नाही."

*

हॉस्पिटलात त्याला तीच काळजी. सलाइनचा हात उचलून म्हणाला, "सरांना मेल कर. ती ओळ काढू नका म्हणावं."

मला इंग्रजी कुठे येतं? मी मराठीत बोललो, फोनमधल्या एआयने इंग्रजी केलं. पाठवणार, तेवढ्यात डोळे मिटूनच म्हणाला, "खाली लिही."

लिहिलं. "हे पत्र एआयने लिहिलं. काळजी भावाची."

सरांचं उत्तर आलं, "आधी बरा हो."

*

तो गेल्यावर सर घरी आले. त्याच्या फोटोला फूल वाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "ती ओळ काढतोय. उद्या कुणी शंका घेतली तर उत्तर द्यायला तो नाही रे."

"मग तुमचं नाव पण काढा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारी दारात आले.

आई आतून आली. "चहा घ्या सर. हा असाच आहे." सर चहा प्यायले. कप ठेवून निघाले.

*

दशक्रियेला गोदाघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघत होता. काहीतरी इच्छा राहिली म्हणून एकेक जण पुढे होऊन सांगायला लागला. काका म्हणाले, "तुझ्या आईला आम्ही बघू." कावळा ढिम्म.

मी म्हणालो, "दादा, मी दहावीला बसतो!"

मामा मागून म्हणाले, "खोटं नको बोलू रे, उडी जाई तो!"

ऊन चढलं. आईने मागे उभ्या असलेल्या सरांकडे नुसतं पाहिलं. सर पुढे आले, हात जोडले. "ती ओळ राहील. मी काढणार नाही."

कावळा भिंतीच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

सरांनी वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग पिंडाजवळ वाकून, अगदी हळू म्हणाले, "बरं बाबा, माझ्याही पेपरांत टाकतो ती ओळ."

कावळा शिवला.