तीन खुर्च्या, सतरा पानं

लॉकडाऊन उठल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला सोमवार. सकाळचे सव्वादहा. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात कार्मिक अधिकाऱ्यांची केबिन. हजर माणसं चार: साहेब, कंपनीचे डॉक्टर, आमचा सुपरवायझर आणि मी. खुर्च्या तीन. मी उभा.

साहेबांनी मास्क हनुवटीवर ओढला. टेबलावरच्या छापील गठ्ठ्यातलं पहिलं पान वाचायला लागले.

"'डाव्या पायात दिवसभर मुंग्या. रांगेने चढतात.' तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो साहेब."

"मग मुंग्यांचा खडू आणा की! दारात रेघ मारा."

डॉक्टर हसले. सुपरवायझर हसला. मीही हसलो. तेच मला अजून खुपतं.

एकोणीस वर्षं मी पॅकिंगला. सगळं उभ्याचं काम. लॉकडाऊनच्या आधी ड्रम सरकवताना कंबरेत चमक भरली, ती गेलीच नाही. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून डॉक्टरांच्या लेखी मी धडधाकट. बसून करायचं काम द्या, एवढाच माझा अर्ज होता.

लॉकडाऊनमध्ये चिखलोलीच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. जवळचे दवाखाने बंद. बायको शेक द्यायची. एक दिवस म्हणाली, "अहो, बाहेर माणसं मरतायत. रोज तेच तेच काय सांगता?" तिचं चुकलं नव्हतं. मी सांगणं बंद केलं. घरात तिघं, पण दुखणं माझं एकट्याचं.

तेव्हा फेसबुकवर एक गट सापडला. जुन्या दुखण्याची, मराठीत लिहिणारी माणसं. बाहेरच्यांना न दिसणारा गट. कोण काय लिहितो ते मी वहीत मांडायला लागलो. ठणका, कळ, आग, रग, मुंग्या. दोन महिन्यांत एकसष्ट माणसं. 'मुंग्या' लिहिणारे तेवीस. त्यातल्या एकोणीस जणांचं दुखणं कंबरेतून पायात उतरणारं, उभं राहिलं की वाढणारं. थेट माझंच. डॉक्टरांनी मला इतकंच विचारलं होतं, "दुखतंय का?" कसं दुखतं, ते कधीच नाही.

गटात उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमधल्या एक ताई होत्या. सिंधी. घरी शिलाई करायच्या. सकाळी अंथरुणातून उठता येत नाही असं मी लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं: "भाऊ, सीधं उठायचं नाही. पहिले कुशीवर, मग हात टेकायचा, मग पाय खाली. जल्दी कशाची? लॉकडाऊन आहे, जायचंय कुठे?" तसं उठलो. उठता आलं.

केबिनमध्ये साहेबांनी दुसरं पान उचललं.

"ही बघा कोण बाई. 'संडासात बसता येत नाही. सून दाराबाहेर हसते.' काय काय लिहितात लोक!"

पुन्हा हशा. ते पान ताईंचं होतं. या वेळी मी हसलो नाही.

कारखान्यातल्याच कोणीतरी गटात शिरून आमचं लिहिलेलं हे छापून दिलं होतं. कोणी, ते आजही कळलेलं नाही.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. 'माझी तक्रार वाढवून सांगितलेली होती. उभ्याचं काम करण्यास मी सक्षम आहे.'

"सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

चाळीस मिनिटं झाली होती. मुंग्या मांडीपर्यंत.

"डॉक्टर, उठा," मी म्हणालो. "मला बसायचंय."

डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. मग उठले. मी बसलो. पानं मोजली. सतरा.

"यातली चार माझी. ती ठेवा. तेरा दुसऱ्यांची आहेत. ती मी नेतो."

"आणि सही?"

"नाही."

नोकरी गेली. आता बदलापूरला एका दुकानात बसून बिलं करतो. पगार निम्मा.

ती तेरा पानं पाच जणांची होती. पाचही जणांना मी गटात कळवलं. सांगणं भाग होतं. तिघं त्याच दिवशी गट सोडून गेले. ताईंनी लिहिलं, "वाचलं भाऊ." दुसऱ्या दिवशी त्यांचं खातंच दिसेना. हळूहळू गट गप्प झाला. सकाळी मी कुशीवर वळतो, हात टेकतो, पाय खाली सोडतो. ते कोणाला लिहून सांगावं असं कोणी उरलं नाही.

आता कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की आधी खुर्ची ओढतो. बसतो. मग सांगतो, मुंग्या येतात. त्यांनी कागदावर तोच शब्द लिहिल्याशिवाय मी उठत नाही.

चौघांची सात पानं ज्याची त्याला पोचती केली. ताईंची सहा माझ्याकडे आहेत. ती त्यांच्याच हातात देईन. सही कोणालाच दिलेली नाही. देणारही नाही.