हिरव्या वेलीचं कोनफळ

आमचे हे म्हणजे कुमुंजा. लांब कोनफळ पिकवण्यात ह्यांचा हात धरणारा गावात एकच होता, वालेबान. तो ह्यांचा चांबुरा, म्हणजे जन्माचा जोडीदार आणि जन्माचा वैरी, दोन्ही एकाच माणसात. आपण पिकवलेलं लांब कोनफळ आपण खायचं नाही. त्याला वेताचा मुखवटा विणून चढवायचा, पिसं खोचायची आणि सगळ्या गावासमोर चांबुऱ्याला द्यायचं. त्यानं पुढच्या साली त्याहून लांब परत करायचं, नाही जमलं तर घराण्याची नाचक्की. ह्या भानगडीत दोघांचे केस पांढरे झाले.

वेल वाढत असताना पुरुष बायकोच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. अर्धं वर्ष मी एकटी झोपते. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या, पण हा जमिनीतला गडी, कोनफळाला नाव ठेवलेलं ह्यांच्या आजोबांचं! त्याच्याशी भांडू काय?

यंदा द्यायची पाळी ह्यांची होती. वेल जोमात आली आणि वालेबानच्या छातीनं दगा दिला. शहरातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. कोनफळ जमिनीत असताना आजाऱ्याकडे जायचं नसतं, त्या वासानं ते खुरटतं. म्हणून हे तिकडे फिरकेनात. नुसते बागेच्या कुंपणाशी सुपारी चघळत बसायचे, आणि निरोप पोचवायला मी. मी प्यायला गरम सूप घेऊन गेले की वालेबान विचारायचा, "काय वहिनी, उंदरांनी खाल्लं का त्याचं?" हे इकडून सांगायचे, त्याला म्हणावं खांद्याला तेल चोळून ठेव, उचलायला जड जाईल.

मग एक दिवस मी खरं काय ते सांगून टाकलं. त्याला आता धरल्याशिवाय बसवत नाही, म्हटलं. ह्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि हिरव्यागार वेलीखाली खणायला बसले. असं आमच्यात कुणी करत नाही. मी कुंपणाबाहेरून नको नको म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण! पानं वाळायच्या आत काढलेलं कोनफळ आखूडच निघणार. माझ्या कमरेलाही लागलं नाही. ह्यांनी मुखवटा घाईनं विणला, रंग ओला असतानाच चढवला, आणि कोनफळ बांबूला बांधून हे घेऊन निघाले.

वालेबानला दाराशी टेकवून बसवलं होतं. गाव जमलं होतं. ह्यांनी कोनफळ त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घातली. वालेबान बराच वेळ मुखवट्यावरून बोटं फिरवत राहिला.

"ह्याला कोनफळ म्हणू का रताळं?" तो म्हणाला. "घेऊन जा. पुढच्या साली नीट आण."

सगळे हसले. चारचौघांत दिलेलं नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखंच, पण सगळ्यात जास्त हसले ते हेच. वाटेत मला म्हणाले, बघितलंस, जीभ कशी शाबूत आहे, हा काही आता मरत नाही. मला मेलीला ते खरं वाटलं. इतक्या दिवसांनी ते पोटभर जेवले.

चंद्र बदलायच्या आत वालेबान गेला.

रडारड चालली होती. त्याची बायको जुताग्वा माझ्या गळ्यात पडली. मी न राहवून विचारलं, ते कोनफळ घेतलं का नाही गं त्यानं?

"मीही तेच विचारलं," ती म्हणाली. "तर म्हणाला, घेतलं तर परत कोण देणार? पोरगा शहरात ट्रक चालवतो, त्याला वेल लावता येत नाही. कुमुंजानं माझ्यामागे रिकाम्या हातानं उभं राहायचं काय?"

हे माझ्या मागेच होते. आमचं पहिलं लेकरू गेलं तेव्हासुद्धा मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हे पुढे गेले, वालेबानच्या उशाशी बसले, त्याचा गार हात हातात घेतला आणि ढसाढसा रडायला लागले.

"मी परत मागितलं असतं का रे तुझ्याकडे?" म्हणाले. "माझ्या हातचं खाऊन तरी जायचं होतंस."