कुणाचं रगत दिलं

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात सहा महिने राहून मी रक्त जुळवायचं काम शिकून आलो, तेव्हा मला वाटत होतं की आता आपल्या भागात रक्तावाचून कुणी मरणार नाही. वय चोवीस होतं. जर्मनची लढाई चालू होती, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि परळीला रेल्वेतून उतरून आमच्या दवाखान्यापर्यंत पोचायला अख्खा दिवस गेला. वाटेत दोनदा सगळ्यांना उतरून मोटार ढकलावी लागली. मांडीवर लाकडी पेटी होती, ती मी ढकलतानाही खाली ठेवली नाही. पेटीत काचेच्या पिचकाऱ्या, सुया, रबरी नळी, रक्त गोठू नये म्हणून घालायची सायट्रेटची पूड आणि कापसात गुंडाळलेल्या सिरमच्या बारा कुप्या होत्या. या सिरमचा एक थेंब माणसाच्या रक्ताच्या थेंबात मिसळला की त्याचा रक्तगट कळतो. फक्त ते थंड ठेवावं लागतं. हैदराबादला बर्फ होता. आमच्याकडे माठ होता. ओल्या फडक्यात गुंडाळून कुप्या माठाच्या बुडाशी ठेवल्या आणि चौथ्या दिवशी एक उघडून पाहिली, तर आतलं पाणी गढूळ झालेलं, वास मारणारं. बाकीच्या अकराही तशाच.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी नव्या कुप्यांसाठी खात्याकडं उर्दूत दरख्वास्त लिहून दिली. ते हैदराबादचे, पन्नाशीचे, अंगानं काटकुळे आणि कधीही आवाज न चढवणारे. अडीच महिन्यांनी जवाब आला की आधी रिकाम्या कुप्या परत पाठवाव्यात, मग नव्यांचा विचार होईल. मी धुऊन पुसून पाठवल्या. टपालात दोन फुटल्या. मग त्या दोन कुप्यांचा खुलासा मागवणारा कागद आला. तो हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. डॉक्टरसाहेब मागून येऊन म्हणाले की खुलासा लिही, अक्षर चांगलं काढ, आणि विसरून जा.

मी सिरमचा नाद सोडला. त्याच्यावाचूनही काम भागवता येतं, थोडं जास्त खटपटीचं एवढंच. रोग्याचं रक्त नळीत उभं ठेवलं की ते गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. ते पाणी बशीत घेऊन त्यात देणाऱ्याच्या रक्ताचा थेंब मिसळायचा. रक्त सारखं पसरलं तर चालतं. रव्यासारखे दाणे धरले, तर ते रक्त त्या रोग्याला विष. एवढं करायला मला खात्याची गरज नव्हती, पण रक्त देणारा माणूस लागत होता.

माणूस मिळत नव्हता. कुणाला वाटायचं रगत एकदा गेलं की पुन्हा भरत नाही. कुणी म्हणायचं हे सरकार लढाईवरच्या गोऱ्यांसाठी रगत गोळा करतंय. एकदा गाडीखाली सापडलेला एक जण आला. त्याच्यासोबत चार सख्खे भाऊ होते. थोरल्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. धाकटा म्हणाला, माझं अजून लगीन व्हायचंय. मी हात जोडले, चिडलो, पुन्हा हात जोडले. दुपारी तो माणूस गेला आणि त्याच चौघांनी त्याला खांदा दिला. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

पुढच्या वर्षी खुरदाद महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्रात, दिंद्रुडकडच्या एका खेड्यातून बैलगाडीत एक बाळंतीण आली. आदल्या दिवशी बाळंत झालेली, पण वार अर्धी आत अडकून राहिली होती. गाडीतल्या गोधड्या भिजलेल्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी तासाभरात वार काढली, रक्त थांबवलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले की आता माझं काम संपलं, तुझं सुरू. तिचे ओठ आणि नखं चुन्यासारखी पांढरी पडली होती.

सोबत सासरा होता, गावात शब्द चालणारा, धिप्पाड, डोक्याला तांबडा पटका. नवरा होता, धाकटा दीर होता, एक चुलत दीर होता. आणि बाळाला पदराखाली घेऊन भिंतीला टेकलेली एक बाई होती, बाळंतिणीची आई. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून ती तिच्या सासरी आली होती.

मी सासऱ्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रगत काढल्यावर माणसात काय ऱ्हातं? माज्या पोराला नांगर धरायचा हाय."

नवरा जमिनीकडं बघत बसला होता. शेवटी डॉक्टरसाहेब स्वतः आले. एवढा मोठा हाकीम आपल्यापुढं उभा राहून विनवतोय, हे बघून म्हातारा थोडा वरमला. बोट टोचा म्हणाला, म्होरलं म्होरं बघू.

नवऱ्याचं बोट टोचलं. दाणे धरले. दिराचं टोचलं, दाणे धरले. चुलत दीर बैलांना पाणी दाखवून येतो म्हणून गेला तो आलाच नाही. मी बघायला गेलो तर चिंचेखाली तोंडावर उपरणं घेऊन पडला होता. जागा होता, कारण मी हाक मारल्यावर उपरणं आणखी घट्ट धरलं. सासरा म्हणाला, माजं वय बघा की. दवाखान्यातल्या कंपाउंडरचं जुळलं नाही. माझंही मी टोचून बघितलं. तेही नाही. प्रत्येक वेळी ते दाणे दिसायचे आणि बशी फेकून द्यावीशी वाटायची. सकाळची दुपार व्हायला आली होती.

या सगळ्यात ती आई मला तीनदा काहीतरी विचारायला आली. पहिल्यांदा मी तिला बाजूला सरका म्हटलं. दुसऱ्यांदा, किती लागतं ते, असं काहीसं म्हणाली, तर मी तिला पाणी तापवायला पिटाळलं. तिसऱ्यांदा म्हटलं, मावशी, तुम्ही बाळाकडं बघा, आम्हाला काम करू द्या. मग ती गेली आणि बाळ सरळ सासऱ्याच्या मांडीवर ठेवून परत आली. तिनं माझ्यापुढं हात धरला.

"माजं बोट कावून टोचत न्हाई तुमी?"

हैदराबादला सहा महिन्यांत मी जेवढ्यांचं रक्त काढताना पाहिलं ते सगळे पुरुष होते. बाईचं घेता येत नाही असं कुणी शिकवलं नव्हतं. घेता येतं असंही कुणी बोललं नव्हतं, आणि माझ्या डोक्यात ते आपणहून आलं नव्हतं. साडेतीन हातांवर बसलेल्या बाईला सोडून मी चिंचेखाली लपलेल्या माणसाला शोधत हिंडत होतो.

बोट टोचलं. बशी हलवली. रक्त गुळगुळीत पसरलं. मी दोनदा केलं, डॉक्टरसाहेबांना बोलावून दाखवलं. दाणा म्हणून नव्हता.

तेव्हा सासरा उठला. बाळ तसंच हातात होतं त्याच्या. तिचं नगं, म्हणाला. चार गडी उभे असताना विहिणीचं रगत घेतलं हे गावात कळलं तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरसाहेबांनी त्याला शांतपणे विचारलं की मग सून तशीच परत न्यायची का. म्हातारा दारातून हलेना. मला वाटलं, आता मी या माणसाला ढकलणार.

नवरा उठून पुढं आला. तो बापाकडं न बघता म्हणाला, "घ्या."

आईला बाकावर निजवलं. दंडाला नळी बांधली. हात वाळक्या काटकीसारखा आणि कोपरापर्यंत गोंदलेला. हिरव्या गोंदणात शीर सापडेना. पहिली सुई वाया गेली. तिनं हात तसाच पुढं धरून ठेवला. दुसरीला बाटलीत धार लागली आणि मी सायट्रेटच्या पाण्यात ती हळूहळू ढवळत राहिलो. डॉक्टरसाहेबांनी पाव शेरावर थांब म्हटलं. ती म्हणाली, घ्या की आणखी, मी कुठं नांगर धरते. आम्ही थोडं आणखी घेतलं.

बाटली उचलून जायला लागलो तेव्हा तिनं माझी बाही धरली.

"ह्ये तिच्यात गेल्यावर ती पुन्ना माजी व्हती, का त्यांचीच ऱ्हाती?"

मी म्हटलं, बोलू नका, गप पडून राहा. मला घाई होती. खरं म्हणजे मला त्या प्रश्नाचं काय करावं ते कळलं नाही, आणि पुन्हा एकदा मी तिला गप्प केलं.

चारच्या सुमाराला बाळंतिणीच्या नखांवर गुलाबी कड दिसायला लागली. पाचला तिनं डोळे उघडून बाळ कुठाय विचारलं. पंधरा दिवस ती आमच्याकडं राहिली. आई तिच्या खाटेखाली निजायची, डिंकाचा लाडू लेकीला भरवून उरलेला चुरा स्वतः खायची.

घरी न्यायच्या दिवशी सासऱ्यानं मला बाजूला घेतलं. तुमच्या वहीत रगत देनारा म्हनून कुणाचं नाव हाय, विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, खोडा. मी म्हटलं, सरकारी वही आहे, खोडता येत नाही.

"ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला. "वही कोन वाचतंय."

वाचणारं एक खातं होतं. मी मोठ्या हौसेनं सगळी हकीकत लिहून वर पाठवली होती. सिरमशिवाय कसं जुळवलं, बाई कशी वाचली. उलट टपाली जवाब तलब झाला: बाईमाणसाचं रक्त कुणाच्या इजाजतीनं काढलं? बाळंतीण जगली की मेली याबद्दल एक ओळ नव्हती. मी कागद चुरगळला. डॉक्टरसाहेबांनी तो उचलून सरळ केला, खाली स्वतःची इजाजत लिहून सही केली आणि मला बजावलं की पुढच्या वेळी बाईचं घेशील तेव्हाही माझीच सही घे. त्यानंतर मी बायांना विचारायला लागलो. बाया कधी कधी हो म्हणायच्या. त्यांचे पुरुष नाही म्हणायचे. पुन्हा तेच समजावणं, तेच हात जोडणं.

दसरा झाल्यावर त्याच भागातला एक शेतकरी आपल्या भावाला घेऊन आला. भावाच्या मांडीत बैलाचं शिंग घुसलं होतं. मी तोंड उघडायच्या आधीच या माणसानं बाही वर केली. मी थक्क झालो. एवढ्या दिवसांत असं कुणी केलं नव्हतं. मी विचारलं, भीती नाही वाटत?

"आमच्या तिकडं एका गड्यानं बायकूला रगत दिलं," तो म्हणाला. "ती जगली, आन् ह्यो बी टणक हाय. नांगर हाकतो अजून. बापच सांगतो त्याचा समद्यास्नी."

मग त्यानं घराचं वर्णन केलं आणि कुठलं घर ते मला कळलं. चैत्रात बाळंतीण गाडीतून आणली होती तेच. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. ती वाळकी काटकी, ती हिरवी गोंदणं, खाटेखालचा लाडवाचा चुरा. कपाटातून वही काढून त्याच्यापुढं आपटावी असं वाटलं.

"खरं हाय न्हवं ते?" त्यानं विचारलं. "तुमीच काढलं व्हतं म्हनं."

मागं त्याचा भाऊ कण्हत होता. मी खरं सांगितलं तर हा बाही खाली करेल की नाही, मला ठरवता येईना.

"हात सरळ धरा," मी म्हटलं आणि त्याचं बोट टोचलं.

रक्त जुळलं. भाऊ वाचला. जाताना तो माणूस दारात आलेल्या लोकांना सांगत होता की काही होत नाही, त्या अमक्यानं दिलं, मी दिलं, तुम्हीही द्या. त्याच्या सांगण्यावरून त्या आठवड्यात आणखी दोघे आले. मी दोघांचीही बोटं टोचली आणि दोघांनाही काही सांगितलं नाही.