एक्क्याऐंशी ते शहाण्णव

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहीत होते. मानधन नव्हतं. परीक्षणासाठी आलेली प्रत आपल्याला ठेवायची, एवढंच. पहिली दोन वर्षं त्याचं फार अप्रूप वाटलं. मग पुस्तकं पलंगाखाली जाऊ लागली. लेखकांची पत्रं यायची, ‘अभिप्राय कधी?’ एक कवी तर दोनदा शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. फुकट आलेलं पुस्तक नाकारता येत नाही, आणि घेतलं की ते मानगुटीवर बसतं. मी मधली वाट काढली होती. पहिली चाळीस पानं, शेवटचं प्रकरण आणि मलपृष्ठ. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

त्या सुमारास कर्जतकडच्या एका निवृत्त नर्सबाईंचं आत्मकथन आलं. सरकारी आरोग्य केंद्रात हयात घालवलेल्या, वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन बाळंतपणं केलेल्या. पुस्तक त्यांनी स्वखर्चानं छापलं होतं. मी माझ्या पद्धतीनं ते उरकलं. परीक्षण चांगलंच लिहिलं, पण नुसती स्तुती बरी दिसत नाही म्हणून शेवटी एक वाक्य टाकलं : ‘इतरांच्या घरात शिरणाऱ्या लेखिकेनं स्वतःच्या घराचं दार मात्र वाचकासाठी बंदच ठेवलं आहे.’ त्या वाक्यावर मी खूश होते.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, त्या स्वतः आल्या. पांढरं सुती लुगडं, खांद्याला पिशवी. कर्जतहून एसटीनं आलेल्या.

“मॅडम, माफी मागायला आले,” त्या म्हणाल्या. “आमच्या बायंडरनं घोटाळा केलाय. काई प्रतींत सोळा पानांचा एक फर्मा बसलाच न्हाई. तुमचं लिहिलेलं वाचलं, तवा ध्यानात आलं, तुमच्याकडं तसलीच प्रत आली असनार.”

मी प्रत आणून दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवून उलटली. पान ऐंशी, आणि त्याला लागून पान सत्त्याण्णव. ऐंशीव्या पानावरचं वाक्य अर्धंच तुटलं होतं. पुढं वेगळंच काही सुरू होतं.

“मला वाटलं, पानांच्या आकड्यांची चूक असेल,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पानं चाळली. माझ्या पेन्सिलच्या खुणा अडतिसाव्या पानावर संपत होत्या. तिथून पुढं थेट शेवटच्या प्रकरणापर्यंत कोरं. त्यांचा हात किंचित थांबला.

“व्हय, तसंच असंल,” त्या म्हणाल्या. “येवढी पुस्तकं येतात तुमच्याकडं. मानसानं किती वाचायचं?”

नवी प्रत टेबलावर ठेवून, चहा न घेताच त्या उठल्या. साडेतीनची गाडी होती.

ती सोळा पानं मी लगेच वाचली. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीबद्दल होती. एका वस्तीवर अडलेलं बाळंतपण होतं म्हणून तापानं फणफणलेल्या लेकीला शेजारणीकडे ठेवून त्या गेल्या. ते बाळ जगलं. परत आल्या तेव्हा घरासमोर माणसं जमली होती. त्यांनी सगळं सांगितलं होतं, काही राखून न ठेवता. आणि मी लिहिलं होतं, दार बंद.

दुसऱ्या दिवशी संपादकांकडे गेले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. ते म्हणाले, “जागा नाही. दोन ओळी द्या.” मी तिथंच उभ्यानं लिहिल्या : ‘या पुस्तकाच्या काही प्रतींत बांधणीच्या दोषामुळे पानं गहाळ आहेत. आमच्या परीक्षणातील एक विधान त्यामुळे चुकीचं ठरलं.’ शब्दन् शब्द खरा होता आणि सगळा दोष बायंडरच्या माथी गेला होता. न वाचता लिहिलं, हे त्यात कुठंच नव्हतं. ते छापून आलं तेव्हा मला हायसंच वाटलं.

महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं. खुलाशाबद्दल आभार, आणि खाली, नगरच्या दुकानदारानं सदोष म्हणून सगळ्या प्रती परत पाठवल्या, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी कर्जतला गेले. आता तरी सांगून टाकायचं, असं वाटेत शंभरदा घोकलं. त्यांनी दारातच हात धरला आणि शेजारच्या बायकांना हाक मारली. “ह्याच त्या मॅडम, पेपरात लिहिलेल्या!” बायका ओट्यावर जमल्या. माझ्या परीक्षणाचं कात्रण प्लॅस्टिकच्या कागदात घालून ठेवलेलं होतं, ते हातोहात फिरलं. एकीनं विचारलं, “सगळं पुस्तक वाचलं का हो तुमी? लई रडू येतं न्हाई?”

नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं, आणि त्या मला वेळ देत होत्या, असं मला आजही वाटतं.

“हो,” मी म्हणाले. “सगळं वाचलं.”

त्या आत गेल्या आणि कपबशा मांडू लागल्या.